सगळ्यांना पाठवलेलं

नोंग कार्पोने फोन हातभर लांब धरला, मग नाकाशी आणला, मग पुन्हा लांब धरला, आणि त्या नादात सेबू शहराच्या बोटीची हाक द्यायची राहून गेली.

धक्क्यावर माणसं ताटकळली होती. कुणाच्या डोक्यावर आंब्यांची पाटी, कुणाच्या काखेत पाय बांधलेला कोंबडा. खलाशी दोर हातात घेऊन उभा होता, पण सोडत नव्हता. या बेटावर बोट घड्याळावर सुटत नसे, नोंग कार्पोच्या हाकेवर सुटत असे. गेली कित्येक वर्षं तसंच चाललं होतं.

"काय नोंग, बोट आज जाणार की उद्या?" तिकिटाच्या खिडकीतून मारिफे ओरडली. बेटावर थोरल्या पुरुषाला नोंग म्हणत आणि थोरल्या बाईला मना.

तो दचकला. फोन खिशात कोंबून त्याने भोंगा उचलला.

"सेबू, सेबू, सेबू! चला, चढा! कोंबडेवाले मागे, म्हाताऱ्या पुढे! ज्याला रडायचंय त्याने बोटीत बसून रडावं, धक्क्यावर जागा नाही!"

खरं तर त्याला भोंग्याची गरज नव्हती. त्याच्या नुसत्या आवाजाने पलीकडच्या वाळूत झोपलेली कुत्री उठून बसत. पण भोंगा नगरपालिकेचा होता, त्यावर शिक्का होता, आणि नोंग कार्पोला शिक्क्याच्या वस्तू आवडत. बोट फटफटत निघून गेली, धक्का रिकामा झाला, तसा त्याने बर्फाच्या पेटीवर बैठक मारून फोन पुन्हा काढला.

'सुप्र सग्ळ्यांना. ज्रा ताप आलाय काल्पासून. काम्ला नै गेले. काळ्जी नको. जेवून घ्या वेळेव्र. टेकेर. जीएम.'

लोवेलाचा मेसेज होता. त्याच्या एकुलत्या एका मुलीचा.

त्या वर्षांत सगळं बेट असंच लिहीत असे. अक्षरं वाचवायची, काना-मात्रा वाचणाऱ्याने आपल्या घरच्या घालायच्या. मना सिद्राच्या दुकानात जाऊन फोनमध्ये एकदा पैसे भरले की आठवडाभर हवे तितके मेसेज फुकट, मग हात कोण आवरणार? एकच मेसेज लिहायचा आणि फोनमध्ये नावं असतील तितक्यांना एकदम सोडून द्यायचा. उठलो, जेवलो, पाऊस पडतोय, कंटाळा आलाय, देव तुमचं भलं करो. आणि शेपटाला लिहायचं जीएम, म्हणजे हा ग्रुप मेसेज आहे, सगळ्यांना मिळून एक आहे, कुणी स्वतःला विशेष समजू नये.

लोवेलाचे मेसेज असेच येत. ती रात्रपाळीला निघाली की संध्याकाळी, शेवटची बोट लागायच्या सुमारास. पावसाचे, घरमालकिणीच्या मांजरीचे, बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाल्याचे. आणि प्रत्येकाच्या शेपटाला जीएम.

पहिला आला तेव्हा नोंग कार्पो ताडकन उभा राहिला होता. 'न्वीन नंबर माझा. लोवेला.' मग त्याने खालचा बाण दाबला, खाली जीएम दिसलं, आणि तो हळूच खाली बसला. नंबर बदलला, सगळ्यांना कळवला, त्यात बापालाही कळवला, एवढंच. तरी तो फोन घेऊन मना सिद्राकडे गेला. मेसेजांतलं बेटावर तिच्याइतकं कुणाला कळत नाही, असं सगळे म्हणत, आणि सगळ्यांच्या आधी ती स्वतः म्हणत असे. बर्फवाल्या उंदोच्या पोराला एकदा होणाऱ्या बायकोकडून ओकेमधला नुसता 'के' आला, तेव्हा तो लग्न मोडलं समजून दुपारपर्यंत दारू पीत बसला होता. मना सिद्राने फोन बघितला आणि म्हणाली, अरे बावळटा, ती मासे साफ करत असेल, एकाच बोटाने लिहिलंय. आणि ते खरंच निघालं होतं.

"याला उत्तर द्यायचं असतं का गं मना?" त्याने तेव्हा उगाच साबणाच्या पुड्या चाळवत विचारलं होतं.

"जीएमला? छे! तू भोंग्यावरून बोटीची वेळ सांगतोस, तेव्हा कुणी 'बरं बरं' म्हणून उलट ओरडतं का तुला?"

"नाही."

"मग? उत्तर दिलंस तर ती म्हणेल, तातयला एवढंही कळत नाही. हसतील पोरी तिथे."

ते त्याला पटलं. आणि खरं सांगायचं तर सोयीचंही वाटलं, कारण उत्तरात काय लिहायचं हे त्याला ठाऊक नव्हतं.

लोवेला जूनमध्ये गेली होती. शिक्षिकेचं शिक्षण अर्ध्यावर टाकून, सेबूत रात्रभर फोनवर परदेशी लोकांच्या तक्रारी ऐकायची नोकरी धरून. आई असती तर दोघांच्या मधे पडली असती. पण ती जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि घरात उरलेली दोन्ही माणसं एकाच हाडाची होती. घरात भांडण झालं ते झालंच. पण ती पिशवी घेऊन बोटीत चढली, एकदाही मागे वळून न बघता बसली, तेव्हा नोंग कार्पोचं डोकं फिरलं. सगळा धक्का भरलेला होता. त्याने भोंगा तोंडाला लावला.

"सेबूची बोट सुटते आहे," तो म्हणाला होता. "या बोटीत माझं कुणीही नाही."

उगाच कुणीतरी हसलं. खलाशाने दोर सोडला. तेवढ्यात तिने वळून बघितलं होतं, पण तोवर बोट लांब गेली होती.

तेव्हापासून बाप आणि मुलगी यांच्यामधे हे संध्याकाळचे मेसेज तेवढे होते. तो वाचत असे. दोनदा वाचत असे. फोन भरला, जागा नाही म्हणून कुरकुरू लागला की नगरपालिकेचे मेसेज पुसत असे, पाद्रीबुवांचे पुसत असे, डुकरांच्या डॉक्टरचे तर न वाचताच पुसत असे. लोवेलाचा एकही पुसला नव्हता. आणि एकालाही उत्तर दिलं नव्हतं.

आता हा ताप. बरं, सगळ्यांना कळवलंय म्हणजे कुणी ना कुणी विचारपूस केलीच असेल. कुणाकडून तरी कळेल. असा विचार करत तो तिकिटाच्या खिडकीशी गेला. मारिफे आणि लोवेला बालवाडीपासून एका बाकावरच्या.

"मारिफे, किती ताप आहे गं तिला?"

"कुणाला?"

"लोवेलाला."

"तिला ताप आहे? कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी म्हणजे? सकाळी आला ना मेसेज सगळ्यांना."

"मला नाही आला."

"नीट बघ. तुझ्या फोनमध्ये कचराच फार."

मारिफेने तोंड वाकडं करत फोन उघडला, वर-खाली केला.

"नाहीये, नोंग. आणि ती जीएम पाठवतच नाही कधी. मी पाठवला तरी शिव्या घालते. म्हणते, मला बोलायचं असेल तर माझ्याशी बोल, बाजारात ओरडू नकोस."

"अगं, मला रोज येतात!"

"रोज?"

त्याने फोन खिडकीच्या फटीतून आत सरकवला. मारिफे वाचू लागली. एक, मग दुसरा, मग तिचा अंगठा भराभर चालू लागला. एक बाई तिकिटासाठी खिडकीवर नाणं वाजवत होती, तिला ती न बघताच "थांबा हो जरा" म्हणाली. वाचता वाचता तिचा अंगठा थांबला.

"यातलं मला काहीच माहीत नाही," ती म्हणाली. "ही मांजर कोण?"

नोंग कार्पोने फोन ओढून घेतला आणि तो तरातरा उंदोकडे निघाला. उंदो भुशाच्या ढिगातून बर्फाची लादी काढत होता. लोवेलाचा बाप्तिस्मा त्याच्याच हातांवर झाला होता. निदान धर्मबापाला तरी मेसेज आलेच असणार.

"तुला लोवेलाचे मेसेज येतात की नाही?"

"येतात की. नाताळात आला होता एक."

"एक? रोज नाही?"

"रोज कशाला पाठवेल? मी काय तिचा नवरा आहे?" उंदोने लादी खांद्यावर घेतली. "तुझी चौकशी करत होती. तब्येत बरी आहे का, जेवतो का वेळेवर. मी लिहिलं, रोज ओरडतोय, म्हणजे बराच असणार."

"मला सांगितलं नाहीस ते!"

"तू विचारलंस कधी? तिचं नाव काढलं की समुद्राकडे तोंड करून बसतोस."

नोंग कार्पो आणखी दोघांकडे गेला. लोवेलाच्या मावसभावाकडे आणि शाळेतल्या तिच्या बाईंकडे. विचारायचं तेच, उत्तर तेच. परत आला तेव्हा त्याचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता. मारिफे खिडकी बंद करून बाहेर येऊन उभी होती. तिने त्याच्याकडे बघितलं आणि तिला काही विचारावं लागलं नाही.

"पण मग जीएम कशाला लिहायचं?" तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा इतक्या हळू. "सरळ लिहायचं ना. तातय, मी अशी आहे, तशी आहे."

मारिफे पायातल्या चपलेने वाळू उकरत राहिली.

"जीएमला कुणी उत्तर दिलं नाही, तरी वाईट वाटत नाही ना, नोंग."

 पोरगी त्याच्यावर गेली होती. ती दार उघडं ठेवत होती, पण असं, की कुणी आलं नाहीच तर म्हणता यावं, वाऱ्याने उघडलं असेल. आणि तो मूर्ख रोज संध्याकाळी दारासमोर बसून होता. त्याला इतकी लाज वाटली की भर दुपारी कान गरम झाले.

मना सिद्राच्या दुकानात त्याने सगळं सांगितलं तेव्हा तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि मग दुसऱ्यांदा काढला.

"मीच म्हणाले होते रे, उत्तर देऊ नकोस म्हणून."

"म्हणाली होतीस."

"एवढ्या लोकांचे मेसेज वाचले मी. हा एक मला कळू नये?" तिने पदर खोचावा तसा झग्याचा घोळ सावरला. "ते जाऊ दे. आधी खा काहीतरी. सकाळपासून उन्हात फिरतोयस."

तिने नारळाच्या पातीच्या विणीत शिजवलेल्या भाताची दोन पुडकी, पुसो, त्याच्यापुढे कापून ठेवली, बाजूला तळलेला मासा आणि मिरची घातलेलं व्हिनेगर. त्याने मुकाट्याने सगळं संपवलं.

"आता फोन लाव तिला."

"नको. फोनवर मी ओरडतो."

"मग ओरडू नकोस!"

"माझा आवाजच तो आहे, मना. मी 'कशी आहेस' म्हटलं तरी ती फोन कानापासून लांब धरेल. आणि आजारी आहे, झोपली असेल."

"मग लिही. मी सांगते तसं. 'सॉरी गं बाळ', सॉरीला एकच अक्षर पुरतं..."

"पुरत नाही," तो म्हणाला.

तो बाकावर बसून लिहू लागला. अख्खे शब्द, काना-मात्रांसकट. जाडजूड अंगठा एका वेळी दोन कळांवर पडे, मग तो पुसे, पुन्हा लिही. दुकानात गिऱ्हाईक आलं, गेलं. एक कुत्रं येऊन माशाचे काटे घेऊन गेलं. मना सिद्रा दोनदा त्याच्या खांद्यावरून डोकावली आणि दोन्ही वेळा त्याने फोन छातीशी धरला. शेवटी त्यानेच तो तिच्यापुढे केला.

'मी पोलिकार्पियो, धक्क्यावरचा. जूनमध्ये मी भोंग्यावर म्हणालो होतो की सेबूच्या बोटीत माझं कुणी नाही. ते खोटं होतं. त्या बोटीत माझी मुलगी होती. लोवेला, मी चुकलो.'

मना सिद्राने वाचलं. 

"चांगलं लिहिलंयस," ती म्हणाली. "आता फोनमध्ये तिचं नाव शोध आणि ते बटण दाब."

"सगळ्यांना कसं पाठवतात?"

"काय?"

"तुम्ही पाठवता ना, सगळ्यांना एकदम. ते कसं करतात?"

"वेडा झालास का? तिला एकटीला पाठव. घरातली गोष्ट आहे ही."

"मी बोललो तेव्हा घरातली होती?"

  मना सिद्राने फोन हातात घेतला, एकेका नावापुढे खूण करायची कशी ते त्याला दाखवलं. पहिली खूण तिने केली, बाकीच्या त्याने स्वतः केल्या. उंदो. मारिफे. पाद्रीबुवा. गावचे कप्तान, म्हणजे इथले सरपंच. शाळेच्या बाई. डुकरांचा डॉक्टर. सगळ्या बोटींचे सगळे तांडेल. आणि लोवेला. मग त्याने कळ दाबली.

आधी मना सिद्राच्याच झग्याच्या खिशात टिंग झालं. मग बाहेर, बर्फाच्या पेट्यांपाशी. मग तिकिटाच्या खिडकीत, मग उभ्या असलेल्या बोटीवर, मग जाळी शिवत बसलेल्या माणसांत इथे एक, तिथे एक, ज्याची त्याची वेगळी धून. माणसांनी फोन काढले. वाचले. आणि मग एकेक मान वर होऊन दुकानाकडे वळली.

नोंग कार्पो समुद्राकडे बघत बसला. पण या खेपेला तोंड लपवायला नव्हे, ज्याला बघायचंय त्याने खुशाल बघावं म्हणून.

मग उत्तरं येऊ लागली. पाद्रीबुवांनी लिहिलं, आमेन. कप्तानांनी लिहिलं, ब्र झालं. डुकरांच्या डॉक्टरने विचारलं, कोण बोल्तंय, लस कधी घेणार? एका तांडेलाने लिहिलं की त्या दिवशी बोट तोच चालवत होता, पोर पूर्ण वाटभर रडली, आणि त्याने तिला पिण्याचं पाणी दिलं होतं. हे वाचून नोंग कार्पोने फोन बाकावर उपडा ठेवला आणि बराच वेळ हातात घेतला नाही. उंदो मात्र चालतच आला, त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि न बोलता परत गेला.

लोवेलाचं उत्तर आलं नाही.

दुपारची बोट लागली, त्याने हाक दिली. ती बोट गेली. मारिफेने लांबून हातानेच विचारलं, मी फोन लावू का? त्याने मान हलवली, नको. उत्तर न देण्याचा हक्क तिला होता. त्याने स्वतः तो किती महिने वापरला होता! पण फोन तो पाच-पाच मिनिटांनी काढत होता, आणि दर वेळी मना सिद्रा काउंटरवरून मान उंचावत होती. ऊन कलंडलं. चौथीतली पोरं शाळेतून सुटून बर्फाचे गोळे खायला आली आणि गेली.

मग फोन वाजला. त्याने तो हातभर लांब धरला.

'आत्ता उठले. तातय, जेवलात का?'

त्याने खालचा बाण दाबला. पुन्हा दाबला. खाली काही नव्हतं. मेसेज तिथेच संपत होता.

"काय म्हणतेय? काय म्हणतेय?" मना सिद्रा काउंटरच्या बाहेर आली होती.

तो मना सिद्राला सांगायला थांबला नाही, थेट लिहू लागला. अंगठा आता जरा सरावला होता. ती त्याच्या खांद्यावरून वाचू लागली आणि या खेपेला त्याने फोन लपवला नाही.

'अजून नाही. तुझा ताप?'

"अरे लबाडा!" मना सिद्रा म्हणाली. "मग माझे दोन पुसो आणि मासा कुणी खाल्ला?"

"गप्प बस गं, मना."

"रागावेल ना ती! दिवस कलला तरी जेवला नाहीत म्हणून."

"रागावू दे," नोंग कार्पो म्हणाला आणि त्याने कळ दाबली.